आमच्याकडे तर उघडतंय!

फाइल पाठवणाऱ्याकडे ती नेहमी उघडते. हा नियम मोडलेला मी तरी अजून पाहिलेला नाही. "अहो, तुमची अटॅचमेंट उघडत नाहीये," असं फोनवर सांगितलं की पलीकडे थोडी शांतता पसरते, मग माउसचे दोन टिचके ऐकू येतात आणि विजयी स्वरात उत्तर येतं, "आमच्याकडे तर उघडतंय!" उघडणारच. तिथेच ती टाइप झालेली असते.

श्रावण लागला की एका लहानशा दिवाळी अंकाचे मेल बघण्याचं काम माझ्याकडे येतं. संपादक साहित्य बघतात, मी फाइली उघडतो. अंकाच्या श्रेयनामावलीत माझं नाव 'विशेष साहाय्य' या मथळ्याखाली, कागदाचे व्यापारी आणि मुखपृष्ठावरच्या बाळाचे आईवडील यांच्या मधोमध छापलं जातं. मानाची जागा नाही, पण या जागेवरून मराठी साहित्यव्यवहाराचा जो भाग दिसतो तो समीक्षकांना दिसत नाही.

का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही प्रथा पडली. तेव्हापासून कित्येक दशकं लेख पोस्टाने येत. अक्षर कोंबडीचे पाय असेल, शाई पावसात उतरली असेल, शेवटचं पान लेखकाच्याच घरी राहिलं असेल. पण पाकीट उघडायचं. ते उघडण्यासाठी लेखकाची जन्मतारीख लागत नसे.

नकाराचीही तेव्हा एक रीत होती. न आवडलेला लेख 'साभार परत' जायचा. अर्थात सोबत परतीची तिकिटं जोडली असतील तर. मेलच्या जमान्यात परत काय पाठवणार? मूळ प्रत लेखकाकडे असतेच. मग काही चतुर संपादकांनी एक नवी सभ्य वाट शोधली. "काय सांगू, आपली फाइलच आमच्याकडे उघडली नाही आणि तोवर अंक छपाईला गेला!" कोणाचं मन दुखत नाही आणि दोष यंत्राच्या माथी जातो. पण लेखक काही दूधखुळे नसतात. दोन-तीन दिवाळ्यांत त्यांच्या सगळं लक्षात आलं. त्याची फळं आता मी भोगतो. फाइल खरोखरच उघडत नसली तरी कोणी विश्वास ठेवत नाही. मी फोन केला की पहिलाच प्रश्न येतो, "म्हणजे लेख पसंत नाही, असंच ना? स्पष्ट सांगा, मला राग येत नाही." राग तोवर आलेला असतो. न उघडणाऱ्या फाइलवर इलाज पुष्कळ आहेत आणि त्यातले बहुतेक सोपे आहेत. ती उघडत नाही हे समोरच्याला पटवण्यावर मात्र अजून इलाज निघालेला नाही.

या सगळ्या दुखण्यांत ज्येष्ठ दुखणं फॉन्टचं. विदर्भातले एक निवृत्त प्राध्यापक दरवर्षी आमच्यासाठी संतसाहित्यावर लिहितात. फार सुरेख लिहितात. त्यांची फाइल येते आणि निमूट उघडतेही. फक्त आत इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्क्याची खूण, अर्धवट कंस आणि मधूनच डोक्यावर टोपी घातलेला एखादा फ्रेंच वळणाचा 'ए' पसरलेला असतो. मी फोन लावतो.

"सर, लेख मिळाला. पण अक्षरं दिसत नाहीयेत."

"चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

"तसं नाही सर. मराठी दिसत नाहीये. इंग्रजीत काहीतरी येतंय."

"मी आयुष्यात इंग्रजीत लेख लिहिलेला नाही."

"बरोबर आहे सर. पण फॉन्ट कोणता वापरलाय?"

"सोळा."

हे 'सोळा' मला अनेक मान्यवरांनी सांगितलेलं आहे. आपल्याकडे फॉन्टचं नाव विचारलं की आकार सांगतात आणि आकार विचारला की कागदाचा सांगतात. क्वचित एखादे दक्ष गृहस्थ "थांबा, विचारून सांगतो," म्हणून खालच्या झेरॉक्सच्या दुकानात जातात. फाइल तिथल्या मुलाने टाइप केलेली असते, आणि तो मुलगा गेल्याच आठवड्यात नोकरी सोडून गेलेला असतो.

सरांना दोष देण्यात अर्थ नाही. कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं तेव्हा ते त्याला पुण्यातल्या मंडळींनीच शिकवलं. सी-डॅकचं आयएसएम पुण्याचं आणि मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपीही पुण्याचीच. युक्ती अशी होती की आपण इंग्रजीच टाइप करतोय अशी कॉम्प्युटरची समजूत करून द्यायची आणि इंग्रजी अक्षराच्या चित्राच्या जागी गुपचूप मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. आत इंग्रजी साठतं, पडद्यावर मराठी उमटतं. तो फॉन्ट यंत्रावर आहे तोवर 'ज्ञानेश्वरी' हा शब्द 'ज्ञानेश्वरी' दिसतो. फॉन्ट नसला की कॉम्प्युटर इमानदारीने पोटात आहे ते दाखवतो. शिवाय प्रत्येक कंपनीने आपली मुळाक्षरं वेगवेगळ्या खणांत ठेवली. त्यामुळे एकीच्या मजकुराला दुसरीचा फॉन्ट लावला तर देवनागरी दिसते खरी, पण ती भाषा सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत कोणी बोलत नाही.

हे सगळं युनिकोडने मिटायला हवं होतं. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला आणि तो घडवणारे र. कृ. जोशी तर आपलेच, सुलेखनकार आणि कवी. म्हणजे पाव शतक उलटून गेलं. मग श्रीलिपीतला मजकूर अजून कसा येतो? पेजमेकरमुळे. अ‍ॅडोबीने २००१ साली पेजमेकरची सातवी आवृत्ती काढली आणि तिथेच हात झटकले. कंपनीच्या लेखी विषय संपला. ही बातमी आमच्या डीटीपीवाल्यांना अजून कोणी कळवलेली नाही. "पेजमेकरसारखं काही नाही साहेब," असं ते म्हणतात, आणि त्यांच्या हाताचा वेग बघितला की वाद घालायचा धीर होत नाही. पण पेजमेकरला युनिकोडमधलं मराठी कळत नाही.

त्यामुळे आमच्याकडे असं चालतं. जो लेखक सगळ्यांचं ऐकून युनिकोडमध्ये लेख पाठवतो, त्याचा लेख कन्व्हर्टरमधून श्रीलिपीत जातो, कारण तो पेजमेकरमध्ये लावायचा असतो. जो श्रीलिपीत पाठवतो, त्याचा आधी युनिकोडमध्ये येतो, कारण तो मला वाचायचा असतो. मग तो पुन्हा श्रीलिपीत जातो. अंक निघाला की ई-आवृत्तीसाठी सगळेच परत युनिकोडमध्ये. प्रत्येक फेरीत थोडंथोडं सांडतं. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी भलत्याच घरात शिरते. लेखात कुठे खरंखुरं इंग्रजी असेल तर कन्व्हर्टर त्यालाही मराठीच समजतो आणि बडवून देवनागरी करतो. सरांच्या नावापुढे इंग्रजीत टाइप केलेली 'पीएच.डी.' एकदा अशी कन्व्हर्ट होऊन बाहेर आली की ती पदवी कोणत्याही विद्यापीठाने देऊ नये आणि कोणी घेऊ नये. प्रूफ पाहून सरांनी भलत्या जागी बसलेल्या रफारांबद्दल चकार शब्द काढला नाही. पदवीबद्दल मात्र सविस्तर निषेधपत्र पाठवलं. मेलला जोडून, श्रीलिपीत.

मेलला काही जोडून पाठवता येणं ही मुळातच नंतर सुचलेली गोष्ट आहे. १९८२ सालच्या मूळ नियमावलीत मेल म्हणजे निव्वळ इंग्रजी मजकूर, आणि ओळीला हजार अक्षरांची मर्यादा. फोटो आणि गाणी तिच्या गावीही नव्हती. पुढे नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड या दोघांनी 'माइम' नावाची पद्धत बसवली, आणि ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टीन यांनी तिच्यातून पहिली अटॅचमेंट पाठवली. एवढ्या ऐतिहासिक क्षणी माणूस काय पाठवेल? त्यांनी आपल्या चौघा हौशी गायकांच्या चमूचा फोटो आणि त्या चमूने गायलेलं गाणं पाठवलं. चमूचं नाव 'टेलिफोन कॉर्ड्स'. म्हणजे या घराण्याचा मूळपुरुषच 'आमचं गाणं जरा ऐका' या जातीचा निघाला. त्याच्या वंशजांकडून, म्हणजे सोसायटीच्या कोजागरीच्या व्हिडिओंकडून, वेगळी अपेक्षा कशी धरायची?

पण रस्ता मजकुराचाच राहिला. आजही तुमचा फोटो फोटो म्हणून जात नाही. त्याच्या तीन-तीन बाइटांची चार-चार अक्षरं केली जातात, ती अक्षरं मजकुरासारखी प्रवास करतात आणि पलीकडे त्यांतून पुन्हा फोटो उभा केला जातो. देवगडहून हापूसची पेटी पोस्टकार्डांवर लिहून पाठवायची आणि दादरला ती कार्डं वाचून पुन्हा आंबे करायचे, असा हा कारभार आहे. काही पेट्या फुटतात याचं नव्हे, एवढ्या पोहोचतात याचं आश्चर्य वाटायला हवं. या लिहून पाठवण्यात वजनही तिसऱ्या हिश्शाने वाढतं. म्हणून २० एमबीची मर्यादा सांगणारा मेल सर्व्हर १६ एमबीच्या चित्राला दारातूनच परत लावतो आणि चित्रकार महाशय मला फोन करून गणित शिकवतात.

पीडीएफ उघडली नाही तर अ‍ॅक्रोबॅटचा जो संदेश येतो, तो वाचून मला दरवेळी बरं वाटतं. त्याचा मथितार्थ असा: ही फाइल एक तर आम्हाला झेपणाऱ्या प्रकारची नाही किंवा ती बिघडलेली आहे, आणि लगेच कंसात उदाहरण, जसं की ती ईमेलला जोडून पाठवली गेली आणि नीट उलगडली गेली नाही. जगात फाइल बिघडण्याची शंभर कारणं असताना उदाहरणाला आठवला तो मेलच! दोष शेजाऱ्यावर ढकलण्याची कला यंत्रांनाही अवगत असल्याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

खरं कारण पुष्कळदा साधं असतं. फाइल अर्धीच उतरलेली असते. किंवा तिच्या नावासमोर शून्य केबी लिहिलेलं असतं, म्हणजे पाकीट आलं आणि आत काहीच नाही. किंवा तिसरं, माझं विशेष आवडतं कारण. "पीडीएफच पाठवा" असा आग्रह धरला की काही मंडळी फोटो तोच ठेवतात, नावातलं 'जेपीजी' खोडतात आणि तिथे 'पीडीएफ' लिहितात. फाइल काही नावावर जगत नाही. खऱ्या पीडीएफच्या पोटात अगदी सुरुवातीला टक्क्याची खूण आणि 'पीडीएफ' ही अक्षरं असतात. नोटपॅडमध्ये उघडली की दिसतात. २००७ पासून वर्ड ज्या नव्या प्रकारच्या फाइली करतं, त्यांच्या पोटात पहिली दोन अक्षरं 'पी' आणि 'के' निघतात. ही झिप पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं, कारण वर्डची ही फाइल म्हणजे आतून एक झिप फाइलच. फोटो वर्डमध्ये चिकटवून पाठवणारे लेखक, आणि असे लेखकच बहुसंख्य, यांच्यासाठी ही माहिती फार मोलाची आहे. फाइलची एक प्रत काढायची, तिच्या नावातलं शेपूट बदलून 'झिप' करायचं, उघडायची. आतल्या एका कप्प्यात सगळे फोटो सुटे मिळतात. हे मी आमच्या संपादकांना करून दाखवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढे काही दिवस ते आपल्या कपाटाची किल्ली खिशात घेऊन फिरत होते.

मोठ्या कंपनीत नोकरी करणारे आणि जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्याच मेलवरून ललित लेख पाठवणारे लेखक हा वेगळा वर्ग. त्यांच्याकडून 'विनमेल डॉट डॅट' येतं. लेखाचं नाव 'प्राजक्त', आलेल्या फाइलचं नाव 'विनमेल'. मेल आउटलुकच्या 'रिच टेक्स्ट' या सजावटीच्या प्रकारात पाठवला की आउटलुक मजकूर आणि अटॅचमेंट एकत्र बांधून हे गाठोडं तयार करतं आणि ते सोडायची गाठ पलीकडच्या आउटलुकलाच ठाऊक असते. इलाज एका ओळीचा आहे: मेल एचटीएमएल किंवा साध्या मजकुराच्या प्रकारात पाठवा. पण हे सांगितलं की "आमच्या आयटीला विचारावं लागेल" असं उत्तर येतं, आणि या गृहस्थांना ऑफिसात कामं किती कमी आहेत याचा पत्ता आयटीला लागायला नको असतो.

आयफोनवाल्या कवींचं थोडक्यात. २०१७ पासून आयफोन फोटो 'हाइक' नावाच्या प्रकारात साठवतो. जागा कमी लागते, चित्र उत्तम. फक्त आमच्या ऑफिसातल्या जुन्या विंडोजला ते दिसत नाही. प्रिव्ह्यूच्या जागी राखाडी चौकोन. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो जेपीजी निघतात. कवी हे करत नाहीत. ते नवा फोटो काढून पाठवतात, वेगळ्या खिडकीत उभे राहून, त्याच प्रकारात.

मोठ्या फाइली हल्ली ड्राइव्हच्या लिंकवर येतात. लिंक दाबली की 'तुम्हाला परवानगी नाही, मागा' असं उत्तर मिळतं. मी मागतो. परवानगी मागितल्याचा मेल चित्रकाराकडे जातो. चित्रकार तो उघडत नाही, कारण त्याच्या हिशेबी चित्र पाठवून झालेलं असतं आणि आता यायचा तो फक्त मानधनाचा मेल. तो मी पाठवत नाही, कारण चित्र मिळालेलं नसतं. अशा अवस्थेत एकदा आमचं मुखपृष्ठ नवरात्रापर्यंत अडकून पडलं होतं.

मानधनावरून पासवर्डाकडे वळणं भाग आहे. मानधनासाठी पॅन कार्डाची प्रत मागवावी लागते. ई-पॅनची पीडीएफ येते, ती कुलूपबंद असते आणि कुलपाची किल्ली म्हणजे कार्डधारकाची जन्मतारीख: दिवस, महिना, वर्ष, आठ आकडे. आता आमच्या अंकात 'तरुण पिढीचे आश्वासक कवी' म्हणून ज्यांचा परिचय वर्षानुवर्षं छापून येतो, त्यांना जन्मसाल कसं विचारायचं? मी आडून विचारलं. ते म्हणाले, "त्याची काय गरज?" मी म्हटलं, "त्याशिवाय फाइल उघडत नाही." ते म्हणाले, "आमच्याकडे तर उघडतंय." शेवटी मानधन नको पण वय आवर, या निर्णयाला ते आले. कुलपाची गंमत अशी की उघडल्यावर आत कार्डावर जन्मतारीख छापलेलीच असते. ज्याला ती आधीच ठाऊक आहे, त्यालाच ती वाचता येते.

ई-आधारचा पासवर्ड आणखी रसाळ आहे. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. आता आपल्याकडे श्रीकांत, श्रीधर, श्रीराम, श्रीनिवास, श्रीपाद या नावांची एके काळी काय चलती होती ते आठवा. इंग्रजीत या सगळ्यांची पहिली चार अक्षरं तीच: एस, एच, आर, आय. म्हणजे १९५५ साली जन्मलेल्या महाराष्ट्रातल्या तमाम श्रींचा पासवर्ड एकच. नारायण पेठेतल्या एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघात कोणाही श्रीची फाइल कोणाही श्रीने उघडावी, एवढा हा सामाजिक एकोपा आहे. उलट आर्या नावाच्या मुलीला आपल्या नावात 'ए' एक की दोन हे कार्डावर कोणी कसं लिहिलंय, ते आठवल्याशिवाय स्वतःचं आधार उघडत नाही. आणि ते बघायला आधार उघडावं लागतं.

बँकांनी तर या बाबतीत आपापली स्वतंत्र संस्थानं स्थापन केलेली आहेत. कुठे ग्राहक क्रमांक, कुठे नावाची चार अक्षरं आणि जन्माचा दिवस-महिना, कुठे मोबाइलचे शेवटचे आकडे. किल्ली कशी बनवायची हे त्याच मेलमध्ये, बारीक अक्षरांत, जाहिरातीच्या खाली लिहिलेलं असतं. एवढं सगळं सांगून ते कुलूप नक्की कोणासाठी लावलंय, हा प्रश्न मी विचारत नाही. माझी फाइल उघडल्याशी कारण.

उघडली तरी संपत नाही. सरकारी पीडीएफवर डिजिटल सही असते आणि तिच्यावर पुष्कळदा पिवळं प्रश्नचिन्ह आणि 'व्हॅलिडिटी अननोन' अशी अक्षरं झळकतात. आमचे हिशेबनीस हे बघून कागद दूर सारतात. "सरकारलाच खात्री नाही, मी कशी धरू?" वास्तविक ती शंका सरकारची नसून आपल्या कॉम्प्युटरची असते. सही देणाऱ्या संस्थेवर विश्वास ठेव, असं त्याला कोणी सांगितलेलं नसतं. सहीवर राइट क्लिक करून तिची पडताळणी करायची, प्रमाणपत्र विश्वासातलं म्हणून नोंदवायचं; की पिवळ्याचं हिरवं होतं. हिशेबनीसांना मी हे करून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे खूण तुम्हीच बदललीत." आता ते माझ्याच बिलांकडे संशयाने बघतात.

पण न उघडण्यालाही एक पुण्याई असते. ४ मे २००० रोजी जगभरच्या लोकांना 'आय लव्ह यू' असा विषय असलेला मेल आला. सोबत प्रेमपत्र. फाइलच्या नावात शेवटी 'टीएक्सटी' दिसत होतं, म्हणजे साधा मजकूर. त्यापुढचं 'व्हीबीएस' हे खरं शेपूट विंडोजने आपल्या नेहमीच्या सवयीने लपवलेलं होतं. प्रेमपत्र म्हणजे प्रोग्राम निघाला. त्याने उघडणाऱ्याच्या फाइली खराब केल्या आणि त्याच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना आपल्या प्रती पाठवल्या. साहेबाचं प्रेमपत्र आल्यावर कारकुनांनी ते उघडलं नसतं तर पुष्कळ ऑफिसं वाचली असती; पण माणूस आहे, उघडणारच.

हल्ली प्रेमपत्राची जागा लग्नपत्रिकेने आणि वाहतुकीच्या चलानाने घेतली आहे. नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. पत्रिकेच्या शेवटी 'एपीके' असेल तर ते लग्न नाही, ते अ‍ॅप आहे, आणि आहेर तुमच्या खात्यातून जाणार आहे. मला चक्रावून टाकतं ते हे की जी मंडळी माझी साधी प्रूफाची पीडीएफ "आमच्याकडे उघडत नाही" म्हणून तीन-तीनदा परत मागवतात, तीच अनोळखी नंबरावरून आलेली पत्रिका मात्र पहिल्या फटक्यात उघडतात, मागेल त्या सगळ्या परवानग्या देतात आणि वर विचारतात, "कोणाचं हो लग्न?"

आमच्या संपादकांनी या सगळ्यावर आपल्यापुरता एक तोडगा काढला आहे. ते प्रत्येकाला सांगतात, "मेलचं राहू द्या, मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाका." मग लेखाच्या पानांचे फोटो येतात. ते उलटसुलट क्रमाने येतात, सातवं पान दोनदा येतं, तिसरं येत नाही, आणि पाठवताना आकार आवळला गेल्याने अनुस्वार आहे की कागदावरचा डाग, हे ज्याचं त्याने ठरवायचं. संपादक तो सगळा संच माझ्या मेलवर पुढे पाठवतात आणि वर लिहितात, 'कृपया अटॅचमेंट पाहा.' अटॅचमेंट जोडायला ते विसरलेले असतात.

तेव्हा लेखकांना, कवींना आणि चित्रकारांना हात जोडून विनंती. लेख युनिकोडमध्ये टाइप करा. वर्डची फाइल पाठवा आणि सोबत तिचीच पीडीएफ पाठवा, म्हणजे एकीत रफार हरवला तर दुसरीत सापडतो. फोटो वर्डमध्ये चिकटवू नका, वेगळे, जेपीजीमध्ये पाठवा. फाइलला 'लेख', 'लेख नवीन' किंवा 'फायनल फायनल २' अशी नावं देऊ नका. आपलं नाव आणि लेखाचं नाव द्या. लिंक पाठवलीत तर ती सगळ्यांना उघडेल अशी ठेवा आणि कुलूप लावलंत तर किल्ली मेलमध्ये न लिहिता फोनवर सांगा. एवढं करूनही माझा फोन आलाच, तर ती फाइल खरोखरच उघडत नाहीये, असं समजा. लेख नाकारायचा असेल तेव्हा संपादक स्वतः फोन करतात. यंदाचा मजकूर गणेश चतुर्थीच्या आत हवा आहे.